चेहऱ्यावर येऊन बसलेलं हसू

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले. मी उघडलं. "आणखी." आणखी उघडेना. दातांच्या फटीतून जेमतेम बोट गेलं असतं. त्यांनी मानेखाली हात घालून माझं डोकं उचललं, तर डोक्याबरोबर पाठही फळीसारखी उचलली गेली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "पायाला काही लागलं होतं का?"

लागलं होतं. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सांगलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. भुईमुगाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जंतू आणि ते झाड एकमेकांना कोणत्या रसायनांवरून ओळखतात, हा माझा अभ्यास. त्यासाठी वडूजला आत्याच्या रानात मुळं खणायला गेले होते. काटा सुईने काढला आणि विसरून गेले.

"टिटॅनस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे धनुर्वात.

हा जंतू जखमेतून हलत नाही. त्याचं विष, म्हणजे टॉक्सिन, तेवढं नसांमधून पाठीच्या कण्याकडे सरकत जातं. स्नायूंना आवरून धरणारी जी यंत्रणा असते, तिलाच ते गप्प करतं. मग साध्या आवाजानेही सगळं अंग एकदम आखडतं. वर्गातल्या मुलींना हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं, आणि बाण छान आले म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

डॉक्टरांनी अँटीटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, टोचला. "मोकळं फिरतंय ते विष हे पकडेल," ते म्हणाले. "नसांना चिकटलंय ते आता सुटायचं नाही. ते किती आहे, वाट पाहूनच कळेल." जास्त असलं तर छातीचे स्नायू आखडून श्वास थांबणार होता. हे त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.

मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे, कानांत कापूस, सिस्टर अनवाणी. या आजारात शुद्ध हरपत नाही. ती हरपली असती तर फार बरं झालं असतं.

जो येई तो माझ्याकडे बघून आधी हसे आणि मग गडबडून नजर वळवी. मला कळेना. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "गाल आखडलेत तुमचे. तुम्ही हसताय असं दिसतं." मी भीतीने अर्धमेली झाले होते आणि माझा चेहरा हसत होता. माझ्या तोंडाने दुसरंच कुणीतरी हसत होतं, आणि या हसण्याचं वैद्यकातलं लॅटिन नाव मला पाठ होतं.

आत्या वडूजहून आली. दातखीळ बसते ती भीतीने, असं आमच्याकडे मानतात. "आवं डाक्टर, वढ्याकडं एकलीच गेलती. कायतरी बगितलं आसंल पोरीनं," ती दाराबाहेर सांगत होती. डॉक्टरांनी तिला क्षणभर आत सोडलं, बोलायचं नाही या अटीवर.

ती बोलली नाही. माझं हसू बघून तिचा चेहरा असा उजळला, जणू पोर बरी झालीच! तिने माझ्या गालांवरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

त्या आवाजाने मी कमानीसारखी वर उचलले गेले. टाचा आणि डोकं तेवढं गादीला टेकलेलं. श्वास आत येईना, बाहेर जाईना. आत्या स्वच्छ दिसत होती. मी मरत होते आणि तिच्याकडे बघून हसत होते. सिस्टरांनी धावत येऊन स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे छाती हलली.

त्यानंतर आत्या दाराशी बाकावर बसली ती उठलीच नाही. बांगड्या उतरवायला ती तयार नव्हती, म्हणून जुनं लुगडं फाडून प्रत्येकीला चिंध्या गुंडाळल्या. "आवं, चपला हितंच काडा," असं तिने डॉक्टरांनाही कुजबुजत बजावलं, आणि त्यांनी निमूट काढल्या. मी वाचले त्यात औषधाचा वाटा किती आणि त्या चिंध्यांचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

विष चिकटलेल्या नसांना नवे कोंब फुटायला वेळ लागतो. झटके हळूहळू विरळ झाले. एका सकाळी मला रडू आलं आणि चेहराही रडला. "रड गं बाय, लय रड," म्हणत आत्याच हुंदके देत होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी धनुर्वाताची लस सिरिंजमध्ये भरली. आत्या वैतागली. "गोवर येकदा झाला की परत हुतो का? मंग आता कशाला टोचताय?"

"याचं तसं नाही, आत्या," ते म्हणाले. "माणूस मारायला हे विष इतकं थोडं पुरतं, की शरीराला त्याची ओळखच होत नाही. काय येऊन गेलं, हे हिच्या रक्ताला अजून माहीत नाही."

मी दंड पुढे केला. तुमच्यापैकी कुणाला काटा, खिळा, विळा लागला, तर माझ्यासारखं विसरू नका, एवढंच सांगते.

सुई दुखली. दुखली म्हणून मला बरं वाटलं.

आत्याने आपल्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत चोळीची बाही वर सरकवली.

"मंग मलाबी टोचा," ती म्हणाली. "मी तर जलमभर त्याच रानात अनवानी हाय."