आलीची मुळी आणि जाहेदाबीचे कोपर

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात, गोमाईच्या काठी, चार एकरांची एक बाग होती. लोक तिला मास्तरची बाग म्हणत. जमीन पितांबर पाटलांची, बाग त्यांच्या धाकट्या भावाची, चुडामणची. पुण्याला शेतकीचे शिक्षण घेऊन चुडामण १९१२ साली परतला आणि भावाकडून ही जमीन त्याने मागून घेतली. तिच्यात कापूस लावायचे सोडून त्याने हरतऱ्हेची झाडे लावली, प्रत्येक झाडापुढे नावाची पत्र्याची पाटी ठोकली. दर रविवारी सकाळी आठ वाजता बागेच्या पडवीत तो एकेका झाडावर व्याख्यान देई. शेतकरी येत, शाळेतले शिक्षक येत, बाजारासाठी आलेली माणसे सावली पाहून टेकत. पुढच्या महिन्याचे विषय पडवीतल्या फळ्यावर लिहिलेले असत. पळस. मोह. एरंडावरची कीड. ते सगळे चुडामणच सांगायचा. १९१७च्या माघात त्या फळ्यावर पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचे नाव आले: ‘आलीचा लाल रंग. सांगणार, जाहेदाबी रंगारीण, शहादे.’

जाहेदाबी तेव्हा अडतीस वर्षांची होती. फळ्यावर काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नव्हते. दुसऱ्याने वाचून दाखवले तेव्हा तिने एवढेच विचारले की फळा ओल्या फडक्याने पुसता येतो ना.

तिचे घराणे रंगाऱ्यांचे. नवरा वारल्यावर ती आणि तिचा दीर शौकत असे दोघे मिळून रंगकाम चालवीत. काम म्हणजे पुड्यांचे. जर्मन रंगाची पुडी गरम पाण्यात सोडायची, कापड बुडवायचे, वाळत टाकायचे. शौकतच्या वडिलांनाही दुसरे काही येत नव्हते. विलायतेत लढाई सुरू झाली आणि पुड्या यायच्या थांबल्या. दोन वर्षे शौकतने साठवलेल्या मालावर काढली. तिसऱ्या वर्षी घरात रंगाऱ्याचे म्हणावे असे काही उरले नाही. उरली ती रंग उकळायची एक तांब्याची देग, जाहेदाबीच्या आजीची, लग्नात तिच्याबरोबर आलेली. शौकतला जिनिंगमध्ये रोजावर काम मिळत होते. देग घ्यायला एक कासार तयार होता.

अशा दिवसांत, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, ती बागेत गेली. खरे तर गेली होती गोमाईवर कपडे धुवायला. पडवीत गर्दी दिसली म्हणून कुंपणाशी थांबली. चुडामण हातात एक वाकडे, मातकट मूळ धरून बोलत होता. या आल नावाच्या झुडपाच्या मुळीतून लाल रंग निघे, तो म्हणाला, आणि खानदेशात त्याची शेते होती. परदेशी रंग आले, शेते गेली. ही कृती आता या तालुक्यात कुणालाही ठाऊक नाही. मग त्याने मुळीचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि माणसांना एकेक करून बघायला बोलावले.

जाहेदाबी डोक्यावरचा पदर पुढे ओढून रांगेच्या शेवटी उभी राहिली. पाळी आल्यावर तिने डोळा लावला आणि तो काढलाच नाही. नळीच्या आत एक गाव वसले होते. लहान लहान घरे, भिंतीला भिंत लागून, गोल गोल रांगांनी. मधली सगळी पांढरी. कडेच्या वेशीजवळची तेवढी पिवळी, आणि त्यांच्यात कुणी जपून ठेवाव्यात तशा सुयांच्या बारीक जुड्या. आजीच्या अंगणात अशा मुळ्यांचे ढीग तिने पाहिले होते. त्या तिने दगडावर कुटल्या होत्या, त्यांवर बसून जेवली होती. आत हे होते, ते तिला कुणी सांगितले नव्हते. तिच्यामागून आणखी काही माणसे रांगेत येऊन उभी राहिली होती. ती कुरकुरू लागली, तेव्हा जाहेदाबी बाजूला झाली आणि चुडामणला म्हणाली की ही कृती तिला ठाऊक आहे.

चुडामणने विचारले, कुणाकडून शिकलात?

“मी शिकेल नही, मास्तर,” ती म्हणाली. “पाहेल शे.”

पाहिले तेव्हा ती दहा वर्षांची होती. आजीने शेवटची देग चढवली ते साल. त्याला आता अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती.

चुडामणच्या बागेत आलीची एकच ओळ होती, बेचाळीस झुडपांची, चौथ्या वर्षाची. मुळीत रंग भरतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मुळी काढायची तर झुडूप जाते. म्हणजे फळे बियाण्याला ठेवून सगळी ओळ उपटावी लागणार होती, आणि रंग बसला नाही तर पुन्हा तीन वर्षे हाती काही नाही. पितांबर पाटलांना हे पटले नव्हते. पण बाग भावाची होती, ते गप्प राहिले. शौकत गप्प राहिला नाही.

“भाभी, इस उमर में मदरसे जाओगी क्या?” त्याने विचारले. पण पेटीच्या तळाला राहिलेले जाड्या कापडाचे दहा हात त्याने काढून दिले आणि कासाराला रविवारनंतर यायला सांगितले. रंग बसला तर देग घरात, नाही तर कासाराकडे, हे दोघांत ठरले.

कापड तयार करायलाच तीन आठवडे गेले. एरंडेल, पापडखार आणि पाणी घोटून दुधासारखे करायचे, त्यात कापड तुडवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा तुडवायचे. रोज. हाताला तेलकट लागेनासे झाले, की तेल कापडात मुरले असे समजायचे. मग गोमाईच्या वाहत्या पाण्यात धुणे, मग हिरड्याचे पाणी, मग तुरटी. शेजारच्या बायका विचारीत, रंग कधी चढवणार? कापड अजून मळक्या पिवळ्या रंगाचेच होते.

इकडे बागेत भिला नावाचा माळी ओळ खणत होता. वर कमरेएवढे झुडूप, आणि खाली मुळ्या अडीच-तीन हात खोल गेलेल्या. पुढे म्हातारपणी तो सांगे की ती ओळ खणताना झाड उलटे वाढते असे त्याला वाटू लागले होते. बारीक मुळ्या तुटू नयेत म्हणून शेवटी शेवटी त्याने हाताने माती काढली. चुडामण त्या दिवसांत धुळ्याला गेला होता. व्याख्यानाच्या टेबलावर जाणारे प्रत्येक कंदमूळ धुऊन, खरवडून ठेवायचे, हा बागेचा नियम भिलाला पाठ होता. तो त्याने पाळला.

शुक्रवारी दुपारी जाहेदाबी मुळ्या कुटायला आली तेव्हा गोणपाटावर पांढऱ्या स्वच्छ काड्या ओळीने मांडलेल्या होत्या. भिला शेजारी उभा होता.

“दोन दिन घासं मी,” तो म्हणाला. “एक डाग ठेवा नही.”

ती खाली बसली. एक काडी उचलून तिने मोडली, वास घेतला, ठेवून दिली.

“रंग सालमा ऱ्हास, भिला. लाकूडमा नही. साल कोठे शे?”

“खड्डामा.”

खतखड्ड्यात केळीची पाने होती, शेण होते, आणि त्याखाली दोन दिवसांपूर्वीची साल. जाहेदाबी लुगड्याचा काष्टा खोचून आत उतरली. पाने बाजूला करून तिने सालीचा एक तुकडा काढला, धुतला आणि दाताखाली धरला. मग कमरेची चुन्याची डबी काढून जिभेला बोटभर चुना लावला आणि तळहातावर थुंकली. तळहात तिने भिलासमोर धरला. लाल होता. विड्याचा असतो तसा नाही. काळपट, दाट, जखमेसारखा. भिला त्या तळहाताकडे पाहत राहिला, मग तिच्यामागोमाग खड्ड्यात उतरला.

संध्याकाळपर्यंत दोघांनी साल वेचली. धुऊन वाळत घातल्यावर ती दहा हात कापडाला पुरणारी नव्हती. उरलेली खड्ड्यात कुजली होती. शौकतचे म्हणणे पडले की पाणी थोडे कमी घालू, दहाचे दहा हात होतील, थोडा फिका उतरला तर कोण बघतो. जाहेदाबीने कात्री घेऊन कापडाचे दोन तुकडे केले. सहा हात ठेवले, चार हात बाजूला टाकले.

रविवारी पडवी भरली. सारंगखेड्याहून बैलगाड्या आल्या होत्या. देग तीन दगडांवर चढवली होती, शेजारी कुटलेली साल आणि धायटीची वाळलेली फुले. गर्दीतून एक शेतकरी मोठ्याने बोलला, “आते रंगारीन मास्तरले शिकाडी का?”

चुडामण वही उघडत होता. “शिकाडी,” तो म्हणाला. “म्हनीसन तं तिले बलायेल शे.”

त्यानंतर जाहेदाबीने जे केले त्याला व्याख्यान म्हणणे कठीण आहे. ती जवळजवळ बोललीच नाही. देगेत पाणी, साल, फुले आणि कापड घातले, खाली दोन लाकडे सारली, आणि काठीने कापड वर-खाली करत बसली. चुडामणने विचारले, पाणी किती गरम हवे? तिने सांगितले की आजी तिचा हात पाण्यात धरायची. पोरीने हात ओढला, की आजी लाकूड बाहेर ओढायची. दुपारपर्यंत पाणी त्याहून जास्त तापू द्यायचे नाही, नाही तर रंग पाण्यातच मरतो. उकळी दुपारनंतर.

मग तिने स्वतःचा हात पुढे केला. वीस वर्षे पुड्यांच्या उकळत्या पाण्यात गेलेला हात. कातडी म्हशीच्या खुरासारखी झालेली. “हाऊ हात आते काही सांगस नही,” ती म्हणाली. तिने बाही वर सारली आणि कोपर पाण्यात टेकवले. आयुष्यभर बाहीच्या आत राहिलेली तेवढीच जागा पोरीच्या हातासारखी होती.

कोपर उचलून तिने लाकूड ओढले. चुडामणने देगेत उष्णतामापक बुडवला. पारा एकशे बारा अंश फॅरेनहाइटवर होता. त्याने आकडा लिहिला. पाणी थोडे निवले, लाकूड पुन्हा आत गेले. पुन्हा कोपर, पुन्हा लाकूड बाहेर. पारा एकशे बारावर. तिसऱ्या वेळी चुडामणने जवळच्या शिक्षकाला पारा वाचायला लावला, आणि स्वतः तिच्याकडे बघत उभा राहिला. शिक्षकाने आकडा वाचला. एकशे बारा. आता लाकूड फुटल्याचा आवाजही पडवीच्या टोकापर्यंत ऐकू जात होता. चुडामणच्या त्या दिवसाच्या वहीत एकशे बारा हा आकडा नऊ वेळा लिहिलेला आहे. नवव्यापुढे त्याने काही लिहायला सुरुवात केली होती आणि ते खोडले आहे.

दुपारपर्यंत कापड विटकरीसारखे होते. बरेच लोक जेवायला गेले. शौकत गेला नाही. दुपारनंतर तिने आग वाढवली, पाण्याला उकळी आणली आणि तासाभराने कापड काठीवर उचलले. ते काळसर, चिखलातून काढल्यासारखे दिसत होते. शौकतने मान खाली घातली. ती कापड घेऊन गोमाईत उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि एक टोक हातात धरून ते पाण्यात सोडले. पाणी तांबूस झाले, मग तपकिरी, मग निवळले. निवळलेल्या पाण्यात कापड तरंगत होते, लाल. काठावरच्या माणसांनी चपला काढल्या, असे सांगणारे काही जण आहेत. चुडामणच्या वहीत तसे नाही. तीत फक्त वेळ आहे: चार वाजून दहा मिनिटे.

कासार मंगळवारी आला. शौकतने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

ही गोष्ट इथे संपली असती, पण शौकतला हार पचली नव्हती. लढाई संपली, पुड्या पुन्हा आल्या, कामही पुन्हा पुड्यांचेच सुरू झाले. जाहेदाबीने त्याला हरकत घेतली नाही. तीन आठवडे कापड तुडवायला गिऱ्हाईक थांबत नाही, हे तिलाही कळत होते. मात्र शौकत येता-जाता म्हणे की आलीचा रंग दिसतो चांगला, टिकतो कुठे? शेवटी चुडामणने त्या सहा हात कापडाचे दोन तुकडे केले. एक त्याने पेटीत कुलपात ठेवला. दुसरा पडवीच्या पूर्वेकडच्या वाशाला टांगला, आणि त्याच्याशेजारी शौकतच्या पुडीतल्या रंगाची लाल पट्टी. सकाळचे ऊन दोन्हींवर सारखेच पडे.

१९२० साली नवी ओळ तयार झाली. जाहेदाबीचे नाव पुन्हा फळ्यावर आले. या वेळी भिलाने मुळ्या मातीसकट आणून ठेवल्या होत्या. देग चढवण्याआधी चुडामणने वाशावरची दोन्ही कापडे उतरवली, पेटीतला तुकडा काढला आणि तिन्ही टेबलावर पसरली. शौकतची पट्टी गुलाबी पडली होती, कडेला तर पांढरी. तो पुढे आला, ती घडी करून त्याने खिशात घातली. मग त्याने उरलेले दोन लाल तुकडे जवळ सरकवले आणि विचारले, यातला उन्हातला कुठला?

चुडामण वाकून बघू लागला. ओळखायला सोपे जावे म्हणून त्याने स्वतःच एका तुकड्याच्या कोपऱ्याला पांढरा दोरा बांधला होता. तो शोधायला त्याला चष्मा लावावा लागला.

जाहेदाबी तिकडे बघत नव्हती. तिने बाही वर सारली होती आणि पाणी तापायची वाट बघत होती.