आनंदाची सक्ती

घणसोली गावात विजयमाला साळवे दारात दिसली, की आजाऱ्याने डोळे पुसून सावरून बसायचं, असा नियमच पडून गेला होता. रबाळ्याच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम आटोपून ती चर्चच्या महिला मंडळाला घेऊन घरोघरी जायची आणि खणखणीत आवाजात आनंदाचं गाणं म्हणायची. कुणी रडलं तर दटावायची, “रडू नका, साक्ष बिघडते.” येशूवर विश्वास ठेवणाऱ्याने दुःखातही आनंदी दिसावं, तीच लोकांपुढे विश्वासाची साक्ष, ही तिची शिस्त. तो आनंद मनात आहे की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग तिच्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बाईची पाचावर धारण बसली. कारखान्याच्या बाथरूममध्ये नळ सोडून ती हळूच गुणगुणायची. आवाज अजून आहे ना, एवढंच बघायला. बाहेर येताना मात्र तोंडभर हसू.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मंडळ तिच्या भाड्याच्या खोलीत आलं. सवयीने सूर तिनेच धरला. पहिल्याच ओळीला सूर तुटला. तरी ती हसतच होती. ते हसू बघवत नव्हतं.

मंडळातल्या म्हाताऱ्या यशोदाबाईंनी तिला थांबवलं. “विजू, गानं राहू दे. आमचे हे गेले तवा तू मला रडू दिलं नाहीस. तू तरी रड.”

“चुकलंच माझं, यशोदाबाई,” विजयमाला म्हणाली. “मला लय भीती वाटते.” आणि ती त्यांच्या कुशीत शिरून रडली. साक्ष बिघडली असेल तर बिघडो.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला नाव विचारलं. तिने तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. “आवाज परत येईल किंवा नाही येणार. थांबावं लागेल,” ते म्हणाले. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवाच. उशाशी बसलेल्या यशोदाबाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी गाणंच सुरू केलं. ही बाई जन्मात कधी सुरात गायली नव्हती. शेजारच्या खाटेवरची पेशंट उठून बघायला लागली. विजयमालेला हसू फुटलं. आवाज नसलेलं, टाके ओढणारं, पण खरं. भीती होती तिथेच होती, आणि तरी तिला आनंद झाला होता.

यशोदाबाई ओशाळून थांबल्या. विजयमालेने त्यांचा हात ओढून घेतला आणि त्यांनी पुढची ओळ म्हणेपर्यंत त्यावर बोटांनी ठेका देत राहिली.