उरलेलं वाण

गोल्डनरॉड सगळ्यांनी पाहिलेलं असतं, नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. गुलदस्त्यात गुलाबांच्या मागे भरतीला पिवळ्या तुऱ्याची काडी खोचतात, तेच ते. मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावाल्यांना खिडकीखाली थोडी माती मिळाली आहे. मी तिथे त्याचा एक गड्डा लावला. भरपूर ऊन आणि बेताचं पाणी, एवढ्यावर ते खूश. फुलून गेलेली काडी बुडापासून छाटली की नवी येते. त्याची वाईट खोड एकच, जमिनीखालून पिल्लं काढत चौफेर पसरतं. ती सारखी उपटावी लागतात, आणि उपटलेलं टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

म्हणून यंदाच्या संक्रांतीला मी हळदीकुंकवात पिल्लंच लुटली. दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावून, वर लाल रिबीन बांधून. फुकट ते पौष्टिक. बायका म्हणाल्या, किती छान कल्पना, आणि मी ते कौतुक निर्लज्जपणे पदरात पाडून घेतलं.

सगळ्या गेल्यावर एक डबा उरला. तेव्हा मला शेजारच्या काकू आठवल्या. काका गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं. असं करणं चूक आहे, हे चारचौघींत तावातावाने सांगणाऱ्यांत मी होते, पण माझ्याही यादीत त्या नव्हत्या. डबा उरला म्हणून मी त्यांची बेल वाजवली. त्या साडी बदलून आल्या. मी कुंकू लावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

परवा त्यांच्या खिडकीखाली नजर गेली. तिथे काकांनी लावलेला निशिगंध होता. त्याचाच एक दांडा काकू संध्याकाळी काकांच्या फोटोपुढे ठेवतात. आता तिथे गोल्डनरॉड कंबरभर माजलं होतं, आणि त्याच्या बुडाशी निशिगंधाची चार-दोन पिवळी पडलेली पाती.

मी खुरपं घेऊन गेले. "काकू, हे काढून टाकते. नाहीतर निशिगंध जाईल."

"राहू दे. वाण आहे ते. वाण कुणी उपटून टाकतं का?"

"अहो, पण काकांच्या हातचे कंद आहेत."

"ते मला माहीत नाही होय? पण हे वारल्यापासून मला बोलावणारी तू एकटीच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काकू, खरं सांगते, ती पिल्लं मला जास्त झाली होती. टाकायची कुठे म्हणून वाटली."

"ते तेव्हाच कळलं होतं मला. दह्याच्या डब्यातून वाण देतं का कुणी?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बोलावणं तरी मनापासून होतं ना?"

डबा उरला नसता तर मी त्यांची बेल वाजवली नसती. हे सांगायला तोंड उघडलं आणि "हो" म्हणाले.

"मग काढ. बोलावणं राहिलं म्हणजे झालं."

मी खाली बसून उपटू लागले. मान वर करायची लाज वाटत होती. काकू खुर्ची आणून शेजारी बसल्या आणि पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे येताना कोणती साडी नेसू, असं मला विचारू लागल्या.