उघड्या नळ्या

अतिदक्षता विभागात भेटीची वेळ दुपारी चार ते साडेचार होती. मामांच्या लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता आणि त्यांचा रक्तदाब औषधाच्या आधारावर टिकून होता. मूत्रपिंडे काम करेनाशी झाल्याने आदल्या रात्रीपासून मानेजवळच्या नळीतून त्यांचे रक्त यंत्रात जात होते आणि शुद्ध होऊन दुसऱ्या नळीतून परत येत होते. मामींनी ते क्षणभर पाहिले, आपली शाल काढली आणि दोन्ही नळ्यांवर पांघरली.

"मावशी, हे काय?" सिस्टर धावत आल्या.

"एसी केवढा लावलाय! रक्त गारठेल की त्यांचं."

"यंत्रच कोमट करून देतं. नळ्या उघड्याच हव्यात. एखादी सुटली तर मला लगेच दिसायला नको?"

मामींनी ओशाळून शाल उचलली.

आजारी माणूस दिसला की आपला हात आधी पांघरुणाकडे जातो. झाकले म्हणजे जपले, असे आपण धरून चालतो. इथे मात्र जपणे म्हणजे नजर न हटवणे. त्या सिस्टर आमच्याशी बोलतानाही नळ्यांकडेच बघत होत्या.

मग त्यांनी रक्तदाबाचा आकडा पाहिला आणि औषधाचा वेग कमी केला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"आता थोडं थोडं ते स्वतःच सांभाळताहेत," त्या म्हणाल्या.

साडेचार वाजता मामी आपणहून बाहेर आल्या आणि कँटीनकडे वळल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच दारावरच्या माणसाला त्यांना हाक मारावी लागली नाही.