पट्टी होती, गोळी नव्हती

ईसीजीचा कागद पाहिला आणि मी सिस्टरना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. टेबलावर सोपानकाका होते. कोळवण खोऱ्यातले भातशेतकरी, माझे जुने पेशंट. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवली होती. आता नेमक्या त्याच भागात अटॅक दिसत होता. शर्ट घामानं भिजलेला. छातीवर नायट्रेटची पट्टी व्यवस्थित चिकटवलेली.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?"

काकांच्या बायकोनं, हिराबाईंनी, मुलाकडं पाहिलं. "बंद केल्या. हिरड्यांतनं लई रक्त यायचं. पट्टी हाय की, म्हनलं."

मुलगा संदीप हिंजवडीत आयटीत होता. "डॉक्टर, मी नेटवर वाचलं. या पॅचनं प्लेटलेट्सचं क्लंपिंग कमी होतं. चुकीचं आहे का ते?"

"बरोबर आहे. पण तेवढ्यानं भागत नाही."

मी काकांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चघळायला दिल्या. रक्तदाब उतरत होता आणि पट्टीनं तो आणखी उतरतो, म्हणून ती काढून टाकली.

प्लेटलेट्स म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. पण स्टेंटच्या जाळीवरही त्या तशाच जमू पाहतात. पट्टीतलं औषध कातडीतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या सैल करतं. छातीतलं दुखणं त्यानं कमी होतं. प्लेटलेट्सचं चिकटणंही कमी होतं, पण थोडंच. पट्टी दिवसरात्र ठेवली तर शरीराला तिची सवय होते आणि असर ओसरतो. म्हणून ती रोज काही तास काढून ठेवायची असते. काका ती काढतच नव्हते. गोळ्यांचं काम पट्टीवर सोडण्यासारखं नव्हतंच.

ॲम्ब्युलन्स आली. संदीप स्ट्रेचरमागून बाहेर आला. स्ट्रेचरवरून काकांनी माझा हात धरला.

"त्याला काय बोलू नगा, डॉक्टर. माज्यापायीच वाचत बसला त्यो."

मी मान हलवली आणि संदीपला त्यांच्याशेजारी ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. 

पुण्याच्या हॉस्पिटलात स्टेंटमध्ये जमलेली रक्ताची गुठळी काढून वाहिनी उघडली. काका वाचले. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा कमजोर झाला. यंदा भाताच्या लावणीला ते बांधावर बसून होते. थोडं चाललं तरी दम लागतो.

हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा एक फोन केला असता, तर दुसरी गोळी देता आली असती. औषध काय करतं ते वाचून कळतं. किती करतं, ते विचारावं लागतं.