ढग बघून पंप चालवणारा चेअरमन

"ढग चाललाय, पंप बंद!" गच्चीवरून ही आरोळी आली की इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगीत बायका बादल्या आपटायच्या. ओरडणारा आमचा चेअरमन. पोट सुटलेलं, डोक्यावर ओला पंचा, मान वर. तुमच्याकडेही असा एक असेलच.

गच्चीवर सोलर होतं. बॅटऱ्या म्हाताऱ्या, माझ्यासारख्या. ऊन पडलं की वीज उतू जायची, ढग आला की बसायची. म्हणून त्याने रीत लावली. कडक उन्हात पंप लावून वरची टाकी भरायची, सामाईक गिझर तापवून ठेवायचा. ढग आला की दोन्ही बंद, उरलेली वीज गरजेच्या जागी. "टाकीतलं पाणी हीच आपली बॅटरी," हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

समोरची मावशी कावली. "धुण्याचा मुहूर्त आता ढग बघून काढू का?"

"काढा की! पोरीच्या लग्नाला पंचांग बघितलंत, तेव्हा नाही कावलात!"

गरजेची जागा म्हणजे माझं घर, चौथा मजला. बायकोची फुप्फुसं गेली होती, ऑक्सिजनचं मशीन सारखं लागायचं. लाइट गेली तरी ते चालावं म्हणून सोलरची वायर त्याने आमच्या घरात आणली. मीटिंगीत लोक कुरकुरले, तर हा म्हणाला, "वहिनींचा श्वास आधी, तुमची आंघोळ मग. जा कोर्टात." माणूस तिरसट. पार्किंगवरून माझ्याशीही भांडायचा.

मग भर पावसाळ्यात डीपी जळाली. लाइट येईना. घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर संपला, दुसरा मिळेना. आभाळ गच्च, मशीन कसंबसं चाललेलं. लिफ्ट लावली की सोलरची सगळी लाइन ट्रिप व्हायची, परत उठायला वेळ घ्यायची. तेवढ्यात हिचे ओठ निळे पडायचे. त्याने कुणी लिफ्ट लावू नये म्हणून तिच्या दाराला दोरी बांधली आणि सोलरची पॅनेलं पुसायला, बॅटऱ्या बघायला गच्चीवर जिन्याने चढ-उतर सुरू केली.

बायको आतून म्हणायची, "अहो, त्यांना बसवा जरा. चहा द्या."

दुपारी तो बसला, पण आमच्या दारापुढे, पायरीवर. घामाने चिंब, हात छातीवर. कुणीतरी लिफ्टची दोरी सोडायला धावलं.

"लिफ्ट नको," तो म्हणाला. "वहिनी..."

त्याची बायको धावत आली होती. तिने आमच्या दारातून आत बघितलं, मग नवऱ्याकडे. "उचला," म्हणाली. "जिन्यानेच न्या."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवला. एक पाय मी धरला होता. वळणावर खुर्ची भिंतीला घासली की तो म्हणायचा, "सावकाश रे." दुसऱ्या मजल्यानंतर म्हणाला नाही.

माझी बायको दिवाळीपर्यंत जगली. चेअरमनच्या बायकोने, त्या माउलीने, मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

हिला पोरांनी खांद्यावर जिन्याने नेलं. माझे गुडघे चालेनात, मी भिंत धरून उभा. तेव्हा ती माउलीच आली. लिफ्टचं दार उघडून धरलं. म्हणाली, "या भाऊजी."