मागच्या सीटवरची आजी

माझ्या बायकोच्या मामांना माणसं कळत नाहीत, गाड्या कळतात. पण गाडीवरून त्यांना माणूस जितका कळतो तितका तो त्याच्या जन्मदात्या आईलाही कळला नसेल, हे मी कोणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. तुर्भ्याला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. मूळचे महाडकडचे, पण चाळीस वर्षं इथे काढली, त्यामुळे बोलणं सगळं मुंबईचं. नातेवाइकांकडे गेले की ते आधी घरात येत नाहीत. खाली पार्किंगमध्ये जातात, गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवून मिनिटभर उभे राहतात आणि मग वर येऊन चहा पितात. एकदा आमच्याकडे असाच चहा पिता पिता म्हणाले, "काल रात्री तुमी दोघं बोलत नव्हता काय?" मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. खरंच बोलत नव्हतो. "ब्रेक उगाच दाबलेत सगळीकडे," मामा म्हणाले. "राग पायात उतरतो माणसाच्या." तेव्हापासून आमच्यात भांडण झालं की मी रिक्षाने जातो.

खिशात कायम पांढरा रुमाल. तो तोंड पुसायला नाही. गाडी चालू करायची, सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरायचा आणि त्यावर उमटलेला काळा डाग उजेडाकडे धरून वाचायचा, पत्रिका वाचावी तसा. दिघ्याला एका भाच्याच्या लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीमागे मामा उकिडवे बसलेले मी पाहिले आहेत. नवरा-नवरी आत बसून वाट बघतायत, बँडवाले थांबलेत, आणि मामा रुमाल न्याहाळतायत. शेवटी उठून एवढंच म्हणाले, "पोरांना दुसऱ्या गाडीतून पाठवा." मुलाकडच्यांची तोंडं वाकडी झाली, पण मामांशी वाद घालायची कोणाची हिंमत नसते. जोडपं दुसऱ्या गाडीतून गेलं आणि ती सजवलेली गाडी रिकामीच निघाली. गल्लीच्या वळणावर ती जी बंद पडली, ती तिथून ढकलतच न्यावी लागली. त्या दिवसापासून लग्नघरात मामांना पहिलं ताट वाढतात आणि शक्यतो त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही.

त्यांच्या गॅरेजात पाऊल टाकलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मागच्या फळीवर काचेच्या बरण्या आहेत. लोणच्याच्या असाव्यात तशा, पण आत काढून टाकलेले सेन्सर. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी धातूची कांडी, मागे वायरची शेपटी. गाडीच्या धुराच्या नळीत ती बसते, धुरात किती ऑक्सिजन उरला ते हुंगते आणि पेट्रोल कमी सोडायचं की जास्त, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवते. मामांच्या बरण्यांत त्या काळ्या कांड्या उभ्या असतात आणि प्रत्येकीला मालकाच्या आडनावाची चिठ्ठी. त्यातले काही मालक आता हयात नाहीत. सेन्सर आहेत. दुपारी डबा खाताना मामा या फळीकडे तोंड करून बसतात. मी विचारलं, मामा, हे भंगारात का देत नाही? घास खाली ठेवून म्हणाले, "शेवटपर्यंत श्वास मोजला त्यांनी. भंगारात कसे टाकू?"

हे सगळं मी हसत हसत लोकांना सांगायचो. मग आमच्या गाडीत आजी बसायला लागली.

बायको जासईच्या शाळेत शिकवते आणि मुलगी तिथेच पहिलीत आहे. दोघी रोज गाडीने जातात. त्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रकांची रांग लागते, धूळ उडते, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. एके दिवशी जेवताना मुलगी सहज म्हणाली, "मागे माझ्या बाजूला आजी बसते." तिच्या दोन्ही आज्या ठणठणीत आहेत आणि दोघींना ती ओळखते. ही कोणती आजी, विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही. ती म्हणते, झोप बाळा." बायकोचा घास हातातच राहिला. नंतर स्वयंपाकघरात हळूच मला म्हणाली, "मला पण वाटतं रे. आरशात कोणी दिसत नाही, पण मागे कोणीतरी जड श्वास घेतंय असं वाटतं. शाळेत पोचेपर्यंत डोकं फुटायला येतं."

गाडी आम्ही जुनी घेतलेली. एजंटला फोन केला तर म्हणाला, आधी वाशीच्या एका म्हाताऱ्या बाईंची होती, आता त्या नाहीत. माझ्या आईने त्याच संध्याकाळी लिंबू-मिरची आणली. सोसायटीतल्या लोकांनी गाडी विकायचा सल्ला दिला. मी हो-हो म्हणत राहिलो. मग एका सकाळी शाळेच्या फाटकाशी मुलगी उठेचना. बायकोने हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, बाहेर काढून कडेवर घेतलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. "आजी झोपू देत होती," म्हणाली.

त्या रविवारी मुलीला आईकडे ठेवून आम्ही दोघं काचा उघड्या टाकून तुर्भ्याला गेलो. मामा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"काचा बंद असतात?" त्यांनी भाचीला विचारलं.

"हो. धूळ फार."

"घरी गेल्यावर डोकं उतरतं? आणि पोरीला आजी घरात कधी दिसली?"

"उतरतं. घरात नाही दिसली, फक्त गाडीत."

मामा पुढच्या सीटवर वाकले आणि स्टिअरिंगमागच्या पट्टीवर मी चिकटवलेला काळ्या टेपचा तुकडा त्यांनी नखाने सोलून काढला. खाली इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला होता.

"हे कोणी लावलं?"

"मी," मी म्हणालो. "हायवेवरच्या मेकॅनिकने सेन्सर बदलला, तरी दिवा जाईना. तो म्हणाला, चालतं, काही होत नाही. डोळ्यांत खुपायचा, म्हणून..."

"जावईबापू, गाडी सांगत होती. तुमी तिचं तोंड बांधलंत."

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी करू नये, आणि त्यांनीही करायला नको होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला असता तर बिघाडाचा आकडा दिसला असता. पण आकडा म्हणजे काय ते आकड्याला ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. इंजिन चालू ठेवून, एसी लावून, काचा चढवून ते मागच्या सीटवर जाऊन बसले. "दहा मिनिटांनी दार उघडा," मला म्हणाले. "मी नको म्हटलं तरी."

भर उन्हात आम्ही दोघं काचेतून त्यांच्याकडे पाहत उभे होतो. आधी ते ताठ बसले होते. मग मान जराशी डावीकडे वळली. मग ओठ हलायला लागले. बोलत होते, थांबत होते, ऐकून मान डोलवत होते. शेजारची सीट रिकामी होती. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मी घड्याळ बघून दार उघडलं.

"बंद करा," मामा शांतपणे म्हणाले. "हिचं बोलणं संपायचंय."

त्या आवाजात एवढं समाधान होतं, की माझा हात खरोखरच दार लावायला वळला. मग भानावर येऊन मी त्यांना बगलेत धरून बाहेर ओढलं. ते एका जुन्या टायरवर बसले, ओकले, पाणी प्यायले आणि बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हातानेच नको म्हणाले.

"तुझी मामी होती," शेवटी ते भाचीला म्हणाले. मामी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "म्हणत होती, दमलात, आता झोपा." बायको रडायला लागली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. धुरातलं विष हाय ते. त्याला वास नाय, रंग नाय. ज्याच्या त्याच्या माणसाच्या आवाजात झोप म्हणत असेल. पोरीच्या जवळचं अजून कोण गेलेलं नाय, म्हणून तिला ओळखीचं कोण दिसलं नाय."

बॉनेट उघडल्यावर सगळं दिसलं. हायवेवरच्या माणसाने सेन्सर वाकडा घुसवला होता, नळीचे आटे खराब झाले होते, आणि त्या फटीतून धूर गळून एसीच्या वाटेने आत येत होता. शिवाय त्याने बसवलेला सेन्सर मेलेलाच होता. पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो रटत होता, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल ओतत होता आणि धूर आणखी विषारी होत होता. स्कॅनरवर त्याची रेघ तळाशी सपाट पडलेली. मामांनी इंजिनात मुद्दाम जास्तीचा जळणारा गॅस सोडून पाहिला, तरी रेघ हलली नाही. त्यांनी तेल सोडून, दम धरून, पान्याने सेन्सर फिरवून काढला, नळीचे आटे पुन्हा पाडले, नवा सेन्सर आधी बोटांनी सरळ बसवला आणि मग आवळला. इंजिन तापलं तशी स्कॅनरवरची रेघ वर-खाली, वर-खाली व्हायला लागली, झोपलेल्या मुलाच्या छातीसारखी. पिवळा दिवा गेला.

"झालं ना मामा?" मी म्हणालो.

"बघायला पाहिजे," म्हणून ते पुन्हा मागे जाऊन बसले आणि काचा चढवल्या. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मामा डावीकडे बघत होते. ओठ मिटलेले होते. मी खुणेनेच विचारलं, त्यांनी खुणेनेच अजून थोडं थांबायला सांगितलं. शेवटी काच खाली करून ते म्हणाले, "कोण नाय. पोरीला बिनधास्त बसवा."

पण ते लगेच उतरले नाहीत. शेजारच्या सीटचं कव्हर त्यांनी तळहाताने हळूहळू सारखं केलं, कोणी नुकतंच उठून गेल्यावर करतात तसं, आणि मग दार उघडलं.